माता-बालमृत्यूचे सरकारी आकडे कसे वाचायचे: नोंदवहीपासून बुलेटिनपर्यंत

जिल्ह्यात गेल्या वर्षी किती बाळंतिणी दगावल्या, हा एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारून बघा. आरोग्य विभाग एक आकडा सांगेल, जन्म-मृत्यू नोंदणीवाले दुसरा सांगतील आणि लोकसंख्येचा एखादा अभ्यासक म्हणेल, जिल्ह्याचा असा दर मुळात प्रसिद्धच होत नाही. तिघंही खरं बोलत असू शकतात, कारण प्रत्येकाची वही वेगळी आहे आणि मोजायची पद्धतही.

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, आरोग्याची बातमीदारी नुकतीच हाती आलेले वार्ताहर, समाजकार्याचे विद्यार्थी आणि संस्थेत रुजू झालेले नवे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहीत आहे. डॉक्टरकीचं ज्ञान लागणार नाही. भागाकार आला पाहिजे आणि थोडी चिकाटी हवी. उदाहरणं महाराष्ट्राची आहेत, यंत्रणा मात्र देशभर साधारण अशीच आहे.

पायरी १: कोणता मृत्यू कुठे मोजतात

व्याख्या कंटाळवाण्या असतात, पण इथे त्या पाठच हव्यात. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा गर्भपातानंतर, म्हणजे गरोदरपण कोणत्याही मार्गाने संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत स्त्री दगावली आणि कारण गरोदरपणाशी किंवा त्यावरच्या उपचारांशी निगडित असेल, तर तो मातामृत्यू. अंगावर आधीपासून असलेला हृदयरोग गरोदरपणामुळे बळावून मृत्यू आला, तरी तो यात मोजला जातो. रस्त्यावरच्या अपघातात गरोदर स्त्री गेली तर मोजला जात नाही. ४२ दिवस कुठून धरायचे यावर बैठकीत वाद होतात. प्रसूतीच्या किंवा गर्भपाताच्या दिवसापासून धरायचे, दवाखान्यातून घरी सोडल्यापासून नाही.

बाळाच्या बाबतीत वयाच्या रेषा महत्त्वाच्या. पहिल्या सात दिवसांतला मृत्यू हा लवकरचा नवजात मृत्यू, २८ दिवसांच्या आतला नवजात मृत्यू, वर्षाच्या आतला अर्भकमृत्यू आणि पाच वर्षांच्या आतला बालमृत्यू. मोठ्या गटात लहान गट धरलेलाच असतो, त्यामुळे यांची बेरीज करायची नाही. वर्तमानपत्रांत ती चूक वरचेवर दिसते. पोटातच दगावलेलं बाळ मात्र या कशातच येत नाही. त्याची नोंद उपजत मृत्यू म्हणून वेगळी होते.

मातामृत्यूचं प्रमाण १ लाख जिवंत जन्मांमागे सांगतात, अर्भकांचं १,००० जिवंत जन्मांमागे. दोन्हींच्या खाली भागायला जन्मच असतात, लोकसंख्या नसते. म्हणजे जन्मांची नोंद कच्ची असेल तर मृत्यू अचूक मोजूनही दर चुकतो.

पायरी २: आकडा जिथे तयार होतो तिथे एकदा जाऊन या

मुंबई-पुण्यात बसून पोर्टलवरचे तक्ते उतरवून घेण्याआधी एक दिवस उपकेंद्रावर घालवा. सपाट भागात साधारण ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथे एएनएम, म्हणजे गावाच्या भाषेत सिस्टर, बसतात. त्यांच्या हाताखाली गावोगावच्या आशाताई. दिवस गेल्याची बातमी घराबाहेर सगळ्यांत आधी कळते ती बहुधा आशाताईलाच.

नोंदीचा प्रवास असा असतो. शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाते, तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवून प्रसूतीची अंदाजे तारीख काढतात. नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी ही अपेक्षा. त्या वेळी स्त्रीला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि आरसीएच पोर्टलवर, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, तिचा स्वतंत्र क्रमांक तयार होतो. माता आणि बालकाचा नावनिशी माग ठेवण्याची देशपातळीवरची पद्धत २००९ च्या अखेरीस सुरू झाली आणि पुढे याच पोर्टलमध्ये मिसळली. त्यानंतर किमान चार तपासण्या होतात. त्यांत वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन पाहिलं जातं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांवर डॉक्टरकडून तपासणी होते. जोखमीची बाई तिथे ओळखली जावी हा हेतू.

बाळंतपणानंतर आशाताईच्या घरभेटी सुरू होतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा. घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. ४२ हा आकडा इथेही आला, तो उगाच नाही. आई आणि बाळ दोघांच्याही जोखमीचा काळ या भेटींत येतो.

या घरभेटींचं मूळ महाराष्ट्रातच आहे, आणि तेही मोजणीशी जोडलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची काळजी शिकवली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. त्या ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर आणला. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू आधी काटेकोर मोजला होता, म्हणूनच काम होतंय की नाही हे त्यांना दाखवता आलं.

उपकेंद्रावर तीन गोष्टी मुद्दाम पाहा. पहिली, रजिस्टर आणि मोबाइल अॅप यांतला फरक. सिस्टर कागदावरही लिहितात आणि ऑनलाइनही भरतात. रेंज नसलेल्या गावात ऑनलाइनचा भाग मागे पडतो, म्हणून पोर्टलवर कमी दिसणारं काम प्रत्यक्षात झालेलं असू शकतं. दुसरी, जन्मवजनाचा रकाना. ओळीने २.५ किलो, २.५ किलो, २.५ किलो दिसलं की समजावं, काटा नीट वाचला जात नाहीये. २,५०० ग्रॅमच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, त्यामुळे बरोबर रेषेवर आणून ठेवण्याचा मोह होतो. तिसरी, अंगणवाडीची यादी. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, तिची माहिती २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर जाते. उपकेंद्र आरोग्य विभागाचं. एकाच गल्लीतली तीच मुलं दोन खात्यांच्या दोन यंत्रणांत असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून नावं ताडली तर गळालेलं मूल तासाभरात सापडतं. एवढं सोपं काम फार कमी ठिकाणी नियमाने होतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पायरी ३: समोरचा आकडा कोणत्या वहीतला आहे ते ओळखा

मुख्य वह्या चार.

सगळ्यांत जास्त उद्धृत होणारी म्हणजे नमुना नोंदणी पद्धती, सगळे तिला एसआरएस म्हणतात. ती आरोग्य खात्याची नव्हे. केंद्रीय गृह मंत्रालयाखालचे भारताचे महानिबंधक ती चालवतात. १९६० च्या दशकात प्रायोगिक सुरुवात झाली आणि १९६९-७० पासून ती पूर्ण स्वरूपात चालू आहे. देशभरात निवडलेल्या आठ हजारांहून अधिक गावं आणि शहरी वस्त्यांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येतो आणि गणकाची वही न बघता स्वतंत्रपणे घरोघरी विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. जे जुळत नाही त्यासाठी पुन्हा घरी जातात. एकाच्या नजरेतून सुटलेला मृत्यू दुसऱ्याला सापडतो, ही या पद्धतीची ताकद. आरोग्य खात्याचा यात हात नसल्यामुळे स्वतःच्या कामगिरीचे गुण स्वतःच द्यायचा प्रश्न येत नाही.

मर्यादा अशी की हा नमुना राज्यासाठी पुरतो, जिल्ह्यासाठी पुरत नाही. शिवाय मातामृत्यू इतके विरळ असतात की त्यांचं प्रमाण सांगायला तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. २०१४-१६ ला भारताचं प्रमाण १३० होतं, २०१८-२० ला ९७ झालं. याच काळात महाराष्ट्र ६१ वरून ३३ वर आला. २०१८-२० मध्ये केरळ १९ वर होता आणि आसाम १९५ वर. अर्भक मृत्युदर १९७१ साली देशात हजारी १२९ होता, २०२० साली २८. महाराष्ट्राचा त्या वर्षी १६.

आता एक सराव. २०१९-२१ च्या एसआरएसमध्ये महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण ३८ आलं. आधीचं ३३. मथळा काय द्याल? 'मातामृत्यू वाढले' असं लिहायच्या आधी दोन गोष्टी लक्षात घ्या. २०१९ आणि २०२० ही दोन वर्षं दोन्ही आकड्यांत सामाईक आहेत. बदलली ती फक्त टोकाची वर्षं. २०१८ गेलं आणि २०२१ आलं, म्हणजे कोविडच्या दुसऱ्या लाटेचं वर्ष. दुसरं, बुलेटिनमध्ये प्रत्येक आकड्याच्या बाजूला खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. दोन कालखंडांच्या मर्यादा एकमेकींवर चढत असतील तर पाच-सहाचा फरक निव्वळ नमुन्यातल्या चढउताराचाही असू शकतो. आणि हे आकडे उशिरा येतात. २०१८-२० चं बुलेटिन २०२२ च्या नोव्हेंबरात आलं, २०१९-२१ चं थेट २०२५ च्या मे महिन्यात. आजच्या आरोग्यमंत्र्यांच्या कामावर त्यावरून शेरा मारणं दोन्ही बाजूंनी अन्यायाचं.

दुसरी वही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची, एनएफएचएस. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती पार पाडते. पहिली फेरी १९९२-९३ ला झाली, पाचवी २०१९-२१ ला. यात घरी जाऊन बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारतात. त्यामुळे तिचा अर्भक मृत्युदर पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांचा असतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा दर २३.२ आला, तर एसआरएसने २०१९ साठी १७ सांगितला. कोणी लपवाछपवी केली म्हणून हा फरक पडला असं समजायचं कारण नाही. काळ वेगळा, पद्धत वेगळी, नमुना वेगळा. एनएफएचएसची तुलना एनएफएचएसशीच करावी: चौथ्या फेरीत महाराष्ट्र २३.७ वर होता, पाचव्यात २३.२, म्हणजे जवळजवळ जागेवरच. तुमच्या जिल्ह्याचं पत्रक या पाहणीत मिळतं आणि त्यात दवाखान्यातली बाळंतपणं, तपासण्या, रक्तक्षय, लसीकरण हे सगळं असतं. मृत्युदर नसतो. शोधत बसू नका.

तिसरी वही आरोग्य खात्याची स्वतःची: एचएमआयएस, २००८ पासून. प्रत्येक दवाखाना महिन्याला किती प्रसूती, किती उपजत मृत्यू, किती मातामृत्यू हे भरतो. ही ताजी असते, जिल्ह्याची आणि तालुक्याचीही मिळते, म्हणून मोहात पाडते. पण यात फक्त कळवलेले मृत्यू आहेत. खासगी दवाखान्यांकडून माहिती तुटक येते आणि घरी किंवा वाटेत झालेला मृत्यू आशाताईंनी कळवला तरच येतो. म्हणून या आकड्यांवरून दर काढून एसआरएसच्या दराशेजारी ठेवू नये. ही वही कामाचा कल बघायला चांगली: कोणत्या महिन्यात प्रसूती अचानक कमी दिसल्या, कोणत्या केंद्राने तीन महिने काहीच भरलं नाही.

चौथी, जन्म-मृत्यू नोंदणी. १९६९ च्या कायद्याने २१ दिवसांत नोंद सक्तीची आहे. २०२३ ची दुरुस्ती त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली आणि जन्मदाखल्याचं महत्त्व आणखी वाढलं. गावात ग्रामसेवक, शहरात महापालिका किंवा नगरपालिका नोंद करते. एक कलम मात्र घोळ घालतं. घटना जिथे घडली तिथेच नोंद होते, राहत्या गावी नाही. म्हणून मोठं रुग्णालय असलेल्या शहरात मृत्यू फुगलेले दिसतात आणि रुग्ण पाठवणारा तालुका कागदावर स्वच्छ राहतो. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तर शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. 'अमुक शहरात एवढी बालकं दगावली' ही बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच असावा: ती राहणारी कुठली होती?

पायरी ४: अपेक्षित आकडा स्वतः काढा

हे एकदा जमलं की बैठकीत तुम्हाला कोणी सहज गुंडाळू शकत नाही.

महाराष्ट्राचा जन्मदर एसआरएसनुसार २०२० मध्ये हजारी १५ होता. उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० असेल तर वर्षाला ७५ जन्म अपेक्षित. काही गरोदरपणं गर्भपातात संपतात, म्हणून त्यात दहा टक्के मिळवायचे: सुमारे ८२ गरोदर माता वर्षभरात. कोणत्याही एका दिवशी रजिस्टर उघडलं तर त्याच्या साधारण निम्म्या, चाळीसेक, चालू नोंदी दिसायला हव्यात. वीसच दिसल्या तर एक तर नोंदणी उशिरा होते आहे किंवा लोक थेट शहरातल्या खासगी डॉक्टरांकडे जात आहेत. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून विचारावं लागतं.

आता मृत्यू. दीड लाख वस्तीचा तालुका घ्या. २,२५० जन्म. राज्याचा हजारी १६ हा दर लावला तर वर्षाला सुमारे ३६ अर्भकमृत्यू. तालुक्याच्या अहवालात नऊच असतील तर टाळ्या वाजवायची घाई नको. आदिवासी तालुक्यात तर जन्मदरही जास्त असतो आणि मृत्युदरही, म्हणजे ३६ हा तिथला कमीतकमी अंदाज समजा. २००१ मध्ये राज्यातल्या काही स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, त्याचा गाभा हाच होता: गावोगाव मोजल्यावर सापडणारे बालमृत्यू आणि सरकारी अहवालांतले बालमृत्यू यांत मोठी दरी होती. नंतर राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समितीच नेमली.

मातामृत्यूला मात्र हा हिशेब खालच्या पातळीवर लावू नका. ३०,००० लोकसंख्येचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ४५० जन्म. १ लाखाला ३३ या प्रमाणाने तिथे सहा-सात वर्षांतून एखादा मातामृत्यू अपेक्षित आहे. 'आमच्या केंद्रात तीन वर्षं एकही मातामृत्यू नाही' हे खरंही असेल आणि त्यातून केंद्राच्या कामाबद्दल काहीच सिद्ध होत नसेल. वीस लाखांच्या जिल्ह्यातसुद्धा वर्षाला दहाच्या आसपास मृत्यू निघतात. एका वर्षी सात, पुढच्या वर्षी तेरा, हे निव्वळ योगायोगानेही होऊ शकतं. 'जिल्ह्यात मातामृत्यू जवळपास दुप्पट' असा मथळा सजवणारे वार्ताहर आणि 'निम्म्यावर आणले' म्हणून सत्कार घेणारे अधिकारी, दोघंही मला सारखेच वाटतात.

पायरी ५: गळतीच्या जागा

पहिली जागा माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी आणि बाळंतपण तिसऱ्याच तालुक्याच्या दवाखान्यात. सासरच्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये 'माहेरी गेली' एवढा शेरा उरतो. माहेरच्या सिस्टर नव्याने नोंद करतात. पोर्टलवरचा क्रमांक एकच राहावा ही अपेक्षा, पण कार्ड सोबत नेलं नाही तर दुसरा तयार होतो. मग एकच बाई दोनदा मोजली जाते, किंवा काही बरं-वाईट झालं तर दोन्हीकडून निसटते. गरोदर बाईला नातेवाईक म्हणून सांगायची एकच गोष्ट निवडायची असेल तर मी म्हणेन, कार्ड बॅगेत सगळ्यांत वर ठेव.

दुसरी जागा स्थलांतर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झालेला जन्म आणि तिथेच पहिल्या आठवड्यात गेलेलं बाळ कोणाच्या वहीत? कारखान्याच्या गावची आशाताई म्हणते ती माझी नाही, मूळ गावच्या आशाताईला कळतं ते चार महिन्यांनी, आणि तेव्हा आईलाही तारीख आठवत नसते. नंदुरबार, पालघर, मेळघाटातल्या मजुरीच्या स्थलांतराचं हेच. तुमच्या भागातून लोक बाहेर जात असतील तर परतीच्या हंगामानंतर एकदा घरोघर चौकशी करायला लावा. रोजच्या अहवालातून हे मृत्यू वर येणार नाहीत.

तिसरी, उपजत मृत्यू. जन्मल्यावर दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ 'मेलेलंच जन्मलं' असं लिहिलं की ते अर्भकमृत्यूतून बाहेर पडतं. कधी हे समजुतीतून होतं, कधी चौकशी टाळायला. पडताळा सोपा आहे. उपजत मृत्यू आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू एकत्र बघा. २०२० मध्ये देशात हजारी २८ अर्भकमृत्यूंपैकी २० पहिल्या २८ दिवसांतले होते आणि त्यांतले १५ पहिल्याच आठवड्यातले. म्हणजे निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या सात दिवसांत व्हायला हवेत. एखाद्या तालुक्याच्या यादीत पहिल्या आठवड्यातले मृत्यू जवळजवळ नाहीत आणि उपजत मृत्यू मात्र भरपूर आहेत, असं दिसलं तर बोट तिथे ठेवा.

चौथी, 'दुसऱ्या' नावाखालचे मातामृत्यू. गर्भपातातून रक्तस्राव होऊन गेलेली मुलगी, विशेषतः अविवाहित असेल तर, घरचे गरोदरपणाचा उल्लेखच करत नाहीत. जळून, विषाने किंवा 'ताप आला आणि गेली' असं सांगितलेल्या मृत्यूंतही दोन-तीन महिन्यांचं गरोदरपण दडलेलं असू शकतं. यासाठीच १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक स्त्रीचा मृत्यू आशाताईने कळवायचा आणि तो मातामृत्यू आहे का हे मागाहून तपासायचं, अशी पद्धत ठरवलेली आहे. तुमच्या गावात ती पाळली जाते का, एवढंच विचारा.

शून्याबद्दलही सांगायला हवं. अहवालातल्या रकान्यात शून्य लिहिलेलं असणं आणि रकाना रिकामा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

पायरी ६: दर बाजूला ठेवा, अन्वेषण वाचा

राज्यासाठी दर उपयोगी आहे. तालुक्याला आणि जिल्ह्याला खरा उपयोग मृत्यू अन्वेषणाचा. मातामृत्यूंची अशी तपासणी देशात २०१० पासून होते, २०१७ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली गेली. बालमृत्यूंसाठीची २०१४ ची आहेत.

दवाखान्यात मृत्यू झाला तर २४ तासांत जिल्ह्याला कळवायचं आणि तिथल्याच डॉक्टरांनी केसपेपरवरून घटनाक्रम लिहायचा. शिवाय गावी जाऊन घरच्यांशी बोलून दुसरा घटनाक्रम उभा करायचा: त्रास कधी सुरू झाला, कोणाला सांगितलं, गाडी कधी आली, किती ठिकाणी फिरवलं. दोन्ही वाचले की कुठे अडलं ते बहुतेक वेळा कळतं. जिल्हा समिती हे तपासते आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्यात नातेवाइकांनाही बोलावण्याची तरतूद आहे.

अडचणींचे तीन टप्पे धरतात. दवाखान्यात जायचा निर्णय घ्यायला झालेला उशीर, तिथवर पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. अनुभव असा की अहवाल पहिल्या उशिरावर जास्त रेंगाळतात, कारण त्यात दोष कुटुंबाचा निघतो. तिसऱ्या टप्प्यात रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, बंद शस्त्रक्रियागृह असले अवघड प्रश्न येतात. एखाद्या जिल्ह्याच्या सगळ्या अन्वेषणांत 'नातेवाइकांनी उशीर केला' हेच कारण वारंवार येत असेल, तर शेवटच्या प्रवासातले दवाखाने मोजा. बाई प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा आणि मग वैद्यकीय महाविद्यालयात पाठवली गेली असेल, तर घरच्यांनी उशीर केला म्हणणं धाडसाचं आहे.

अन्वेषणाचा हेतू शिक्षा करणं हा नाही, असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. ते जपायला हवं. एका सिस्टरला निलंबित केलं की पुढचे मृत्यू कळवले जात नाहीत.

पायरी ७: कुठे काय मागायचं

एसआरएसची बुलेटिनं महानिबंधकांच्या संकेतस्थळावर आणि एनएफएचएसची जिल्हा पत्रकं पाहणीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एचएमआयएसचे ठरावीक तक्तेही उघडे आहेत. गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक हीच जागा. तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. जिल्ह्यात ग्रामीण भागाचं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि मोठ्या रुग्णालयांचं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाकडे गेलात आणि 'ते आमच्याकडे येत नाही' असं ऐकलंत तर बहुधा खरंच येत नसतं.

तोंडी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मोघम असला की उत्तरही मोघम येतं. 'मातामृत्यूंची माहिती द्यावी' असं लिहू नका. असं लिहा: अमुक आर्थिक वर्षात तालुक्याच्या रहिवासी स्त्रियांचे कळवलेले मातामृत्यू किती, त्यांतल्या कितींचं अन्वेषण पूर्ण झालं, जिल्हा समितीच्या किती बैठका झाल्या, कारणांनुसार (रक्तस्राव, रक्तदाब व झटके, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, इतर) विभागणी काय, समितीने सुचवलेल्या कोणत्या उपायांवर काय कार्यवाही झाली. शेवटचा मुद्दा विसरू नका. बाकीचे रकाने भरलेले येतात, हा रिकामा येतो, आणि पुढच्या बैठकीत विचारायचा प्रश्न तिथेच मिळतो.

सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च असतं, एसआरएसचं जानेवारी ते डिसेंबर. दोन आकडे शेजारी मांडताना हे आधी बघून घ्या.

लिहिताना प्रत्येक आकड्यासोबत काळ, स्रोत आणि तो रहिवाशांचा की त्या ठिकाणी घडलेल्या घटनांचा, हे द्या. नाव अर्थातच देऊ नका. अन्वेषणाची कागदपत्रं गोपनीय असतात. पण नाव गाळणं पुरेसं नाही. धडगाव किंवा मोखाड्यासारख्या तालुक्यात 'मार्चमध्ये बावीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, झटके येऊन' एवढं लिहिलं तरी सगळ्या पंचक्रोशीला ती कोण ते कळतं. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांचे मृत्यू एकत्र करून कारणं द्या, आणि घरच्यांचं म्हणणं छापायचं असेल तर त्यांना विचारून, वाचून दाखवून मगच छापा.